चार फुटाला एक इंच

“माणसानं आयुष्यात बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण एक तरी गोष्ट प्रमाणात करावी. संस्कृती म्हणतात ती हीच!” असं हंबीरराव मोरबाळे यांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांची उजवी तर्जनी आणि चष्म्याची उजवी काडी फेविक्विकनं एकमेकींना घट्ट चिकटलेली होती. त्यामुळे संस्कृतीवरचं उरलेलं विवेचन त्यांना सलाम ठोकल्याच्या अवस्थेत करावं लागलं. संयोगितावहिनी आतून कोमट पाण्याचं भांडं घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याचा हात सोडवला, त्यात काडी मोडली आणि त्या म्हणाल्या, “संस्कृती झाली असंल तर जेवायला चला.”

हंबीरराव माझे शेजारी. गल्ली त्यांना तात्या म्हणते. सरकारी खात्यात कालव्यांचे नकाशे काढता काढता ते निवृत्त झाले. त्यांनी काढलेले कालवे फार देखणे असत. त्यांतले काही पुढे जमिनीवरसुद्धा आले.

निवृत्तीनंतर त्यांना लेकीनं, वर्षाराणीनं, अमेरिकेला नेलं आणि तिथं एका नदीत जुन्या पद्धतीच्या आगबोटीतून फिरवून आणलं. सपाट तळ, तीन मजले, पुढं दोन उंच धुराडी आणि मागं, अगदी शेपटीच्या जागी, बोटीच्या रुंदीएवढं लाकडी फळ्यांचं चाक. ते चाक फिरतं, पाणी मागं ढकलतं आणि बोट पुढं जाते. बाकीचे प्रवासी नदी बघत होते, वहिनी सावली बघत होत्या, हंबीरराव चाक बघत होते. अमेरिकेहून परतलेली माणसं नायगाराचे फोटो दाखवतात. यांनी आम्हाला एका बोटीचा फक्त पार्श्वभाग दाखवला, निरनिराळ्या कोनांतून. वीसेक फोटोंपर्यंत आम्ही शेजारधर्म पाळला.

आल्या आल्या त्यांनी तशीच बोट घरी बांधायला घेतली. प्रमाण ठरलं चार फुटाला एक इंच. मूळ बोट दोनशे फुटी, म्हणजे ही चार फूट दोन इंच. मागच्या खोलीतला पलंग बाहेर निघाला. पाहुणे मुक्कामाला यायचे बंद झाले. बोटीचा हा पहिला फायदा, असं वहिनी सांगत. पातळ प्लायवूडचा सांगाडा, दात कोरायच्या काड्यांचे कठडे, छत्रीच्या दांड्यांची धुराडी. चाकाला जोडायला इचलकरंजीहून मोडीत निघालेल्या मागाची दोन दातेरी चाकं आणली. मोटर कुठल्यातरी गाडीच्या वायपरची. कठड्याला टेकून उभे असलेले चाळीस प्रवासी काडेपेटीच्या काड्यांतून कोरले. त्यांतल्या एका बाईच्या हातात छत्री आहे आणि ती छत्री उघडी आहे, हे त्यांनी मला भिंगातून दाखवलं. मी वा म्हणालो. मला ती बाईसुद्धा दिसली नव्हती.

तीन वर्षं हे चाललं. आमच्या पेठेत एखादा माणूस दार लावून काही करतो आहे हे कळलं, की गल्ली ते बघायला दाराच्या आत जाते. आकाराम तर रोज जाई. आकारामचं उचगावच्या वाटेवर फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, निधन, सगळं त्याच्याकडं एकाच मशीनवर निघतं.

“तात्या, चाक मागं का वो? कडंनं लावायचं की दोन.”

“ह्या जातीच्या बोटीला मागंच असतंय.”

“अमेरिकेत असंल. तितं डायवरबी उलट्या बाजूला बसतोय. आणि ही धुराडी वो? बिद्रीच्या कारखान्यागत काढलाय की! ऊस कुठनं घालायचा?”

“आकाराम, भाईर हो.”

“जातोय की. च्या झाला की जातोय.”

बोट तयार झाली आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. ती पाण्यात सोडायची कुठं? न्हाणीतल्या बादलीत तिचं नाकसुद्धा मावेना. छतावरची टाकी मागितली तर वहिनी म्हणाल्या, “त्या पाण्यानं मी भांडी घासते.” रंकाळ्यावर नेली असती, पण तिथं वारा असतो, शेवाळ असतं आणि भेळ खाऊन झाल्यावर सल्ला द्यायला मोकळी झालेली माणसं असतात. बोट टेबलावरच राहिली. बॅटरी जोडली की चाक हवेत गरगर फिरे आणि हंबीरराव त्याच्याकडं बघत बसत. त्यांना आता या जगात एकच गोष्ट बघायची होती: ती बोट आपल्या चाकावर, पाणी कापत, सरळ पुढं जाताना. दहा-बारा हात गेली तरी पुरलं असतं.

आणि म्हणून त्यांनी आडवा वेताळ तालीम मंडळाला होकार दिला.

या तालमीत कुस्ती बंद होऊन बराच काळ लोटला. आता तिथं गणपती बसतो आणि वर्षभर त्याच्या मीटिंगा होतात. मंडळाचे देखावे पेठेत गाजतात. गेल्या वर्षी त्यांनी हलणारा डायनासोर केला होता. दुसऱ्या दिवशी तो हलायचा थांबला, तेव्हा त्याच्या गळ्यात मंडळाचं उपरणं घालून त्याला स्वागताला उभा केला. यंदा आकारामनं तात्यांच्या बोटीचं सुचवलं. मंडपात वीस फुटी हौद बांधायचा, त्यात पाणी भरायचं, आणि गणपतीसमोर बोट चालवायची. हंबीररावांच्या कानावर ‘वीस फुटी हौद’ एवढंच पडलं. त्यापुढचं त्यांनी ऐकलं नाही, आणि त्यापुढचंच महत्त्वाचं होतं.

मंडळाचे अध्यक्ष विजयसिंहदादा बोट बघायला स्वतः आले. दादा दोन निवडणुकांमागचे नगरसेवक आणि पुढच्या सगळ्या निवडणुकांचे भावी. बरोबर सहा-सात कार्यकर्ते होते. ते खोलीत मावेनात म्हणून दोघं पलंगावर, म्हणजे अंगणात, बसले.

दादांनी बोटीभोवती एक फेरी मारली. “कडक,” ते म्हणाले. कार्यकर्तेही कडक म्हणाले. मग दादा वाकले.

“ही काय, मुंग्या?”

“प्रवासी हैत,” हंबीरराव म्हणाले. “चाळीस.”

“ह्यातला मी कुठला?”

हंबीरराव गोंधळले. “तुमी... तुमी न्हाईसा ह्यात.”

“म्हंजे मंडळाची बोट, आणि अध्यक्षच न्हाई?”

“घालू की एक. त्यात काय.” हंबीररावांनी दादांना आपादमस्तक पाहिलं. नकाशे काढून काढून त्यांची नजर पट्टीसारखी झाली होती. “तुमी साडेपाच फूट.”

“पाच आठ.”

“साडेपाच. चार फुटाला एक इंच, म्हंजे तुमी झाला एक इंच तीन सूत.”

एका कार्यकर्त्यानं उगाच मोबाइल काढून बघितला. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा हे सगळ्यांना माहीत होतं, दुर्दैवानं दादांनाही.

“एक इंच,” दादा सावकाश म्हणाले.

“तीन सूत,” हंबीरराव म्हणाले. त्यांना वाटलं, दादांची तक्रार तेवढ्या तीन सुतांबद्दल आहे.

“तात्या, आवो काय बोलतायसा!” आकाराम मध्ये पडला. “दादास्नी काडेपेटीत घालताय व्हय? फ्लेक्सवर आमी दादास्नी आठ फुटी घेतोय.”

“बोटीला प्रमाण असतंय, आकाराम.”

“मग फ्लेक्सला नसतंय व्हय? कोण म्हणलं? दादा आठ फूट. उपाध्यक्ष संग्रामभाऊ चार. खजिनदार दोन. बाकीची पोरं खालच्या पट्टीत गोल गोल. एका बोटाचा फरक पडला तर रात्रीत फ्लेक्स फाटतोय. तुमच्या प्रमाणापाय कुणी कधी हाणामारी केलीया का? आमच्या प्रमाणापाय पोलिसात केसा झाल्यात.”

हे मात्र खरं होतं. आमच्या गावात माणसाची उंची पायापासून डोक्यापर्यंत मोजत नाहीत. शेजारी कोण उभा आहे ते बघून ठरवतात.

बोलणी सुरू झाली. दादांनी दोन फुटांपासून सुरुवात केली आणि मोठ्या मनानं एका फुटावर आले. हंबीरराव एक इंच तीन सुतांवरून हलेनात. एक फूट दादा म्हणजे या बोटीवर अठ्ठेचाळीस फुटी माणूस, तीन मजल्यांच्याही वर डोकं जाणारा, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. दादांना ते चित्र आवडलं.

“असंच पायजे.”

“असं पायजे असंल तर बोट मोठी करावी लागंल. मग ती छत्तीस फूट हुतीया.”

“करा की.”

“हौद वीस फुटी हाय, दादा.”

“मग बोट हाय तेवढीच ऱ्हाऊ दे,” दादा समजूतदारपणे म्हणाले. “मला तेवढं मोठा करा.”

हंबीरराव त्या दिवशी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते मंडपाकडून जाऊन आले. गवंड्यानं हौद बांधला होता, आत निळा रंग दिला होता आणि गळती बघायला काठोकाठ पाणी भरून ठेवलं होतं. ते पाणी इतकं सपाट, इतकं लांब आणि इतकं रिकामं होतं, की घरी येऊन हंबीरराव न जेवता बसले. वहिनींनी ताट झाकलं. “एका फुटानं काय हुतंय?” त्या म्हणाल्या. “लगीन झालं तवा तुमी पाच दहा सांगितलं हुतं. मी काय बोलले का?”

हंबीररावांनी फोन उचलला.

पहिल्यांदा दादा प्लास्टरचे झाले. गणपती घडवणाऱ्या कुंभारानं ते घडवले, त्यामुळे चेहऱ्यावर जरा जास्तच तेज आलं. हंबीररावांनी त्यांना तराजूत घातलं, हिशेब मांडला आणि सांगितलं, की एवढं वजन वरच्या मजल्यावर ठेवलं तर बोट कलंडणार.

“कलंडू दे की,” आकाराम म्हणाला. “उचलून सरळ करायची.”

“कलंडली की दादा पाण्यात.”

तेव्हा सगळे गंभीर झाले. गणपतीच्या आधी अध्यक्षांचं विसर्जन होणं कोणत्याच पॅनेलला परवडणारं नव्हतं. आकारामनंच तोड काढली: कटआउट! हलका पांढरा बोर्ड, वर फोटो चिकटवायचा, कडेनं कापायचा. वजन पापडाएवढं. हंबीररावांनी तेही तोललं. बोट सरळ राहणार होती. एवढ्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

मिटले म्हणून बरं. दादा एक फूट आले, हात जोडून, छाती काढून. दादांचे कैलासवासी वडील आले, हारासकट. संग्रामभाऊ आठ इंच आले आणि आपल्याला दहा ठरले होते असं म्हणू लागले. बाकीचे गोल चेहरे कठड्याला मेडलांसारखे लटकले. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी कळलं, की दूध संस्थेचे एक संचालक प्रमुख पाहुणे म्हणून येताहेत. आकारामनं धावत पळत त्यांचाही कटआउट आणला: एक फूट एक इंच. तो एक इंच दादांच्या जिवाला लागला, पण ते पाहुणे होते.

संध्याकाळी मंडप गच्च भरला. हौदाच्या एका टोकाला सोफा, सोफ्यावर प्रमुख पाहुणे आणि दादा. सोफ्यामागं, पाहुण्यांना घाम येऊ नये म्हणून, मंगल कार्यालयातून आणलेले दोन भलेमोठे पंखे. बोट दुसऱ्या टोकाकडून निघून सोफ्यापर्यंत यायची, म्हणजे कटआउटमधले दादा खऱ्या पाहुण्यांना हात जोडून सामोरे येणार, अशी योजना होती. हौदाच्या भिंतीवर नदीकाठ म्हणून नारळाची झाडं आणि मधोमध पन्हाळा रंगवला होता. हंबीररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

बोट पाण्यावर ठेवली. ती तरंगली, अगदी रेघ मारल्यासारखी सरळ. हंबीररावांनी कळ दाबली. चाक फिरू लागलं. फळ्या एकामागून एक पाण्यात शिरल्या, मागं फेस उडाला, बोट पुढं निघाली. दोन हात गेली असेल.

मग पंख्यांचा वारा दादांच्या छातीला लागला.

कटआउट म्हणून जे कापलं होतं ते वाऱ्याला शीड म्हणूनच दिसलं. दादा, दादांचे वडील, पाहुणे, संग्रामभाऊ, सगळ्यांनी मिळून वारा धरला. चाक जिवाच्या आकांतानं पुढं ढकलत होतं आणि बोट शांतपणे मागं मागं जाऊन हौदाच्या भिंतीला टेकली. तिथं ती टेकून राहिली. चाक फिरतच होतं.

“मागं चाललीया की वो,” कुणीतरी म्हणालं.

“मी म्हणलो हुतो,” आकाराम म्हणाला. “चाक मागं लावल्यावर मागंच जाणार.”

“तुझ्या बुलेटचंबी मागलंच चाक फिरतंय,” हंबीरराव दातओठ खात म्हणाले. “तू मागं जातोस काय? आरं, पंखा बंद करा! वारं लागतंय तिला. दोन मिनिटं पंखा बंद करा!”

“पावण्यांचा पंखा?” एक कार्यकर्ता दचकून म्हणाला. “तात्या, शानपत करू नकासा.”

“मग ती पोस्टरं तरी काढा.”

हे ऐकून चार माणसं हौद आणि हंबीरराव यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. दादांना हात लावणं ही देशाच्या घटनेत नसली तरी मंडळाच्या घटनेत गंभीर गोष्ट होती.

दादांची अडचण निराळीच होती. समोर शंभर मोबाइल उभे होते, आणि त्या सगळ्यांत दादा माघार घेत होते. “तोंड फिरवा बोटीचं,” ते पुटपुटले. बोट मधोमध आणून फिरवली. आता दादांच्या पाठीला वारा लागला आणि ते पाहुण्यांकडं कोरी पांढरी पाठ करून पळत सुटले. ते पहिल्यापेक्षा वाईट दिसलं. बोट घाईघाईनं परत सरळ केली. ती परत मागं गेली.

अशा वेळी आपल्याकडं एकच माणूस उपयोगी पडतो, तो म्हणजे निवेदक. त्यानं माईक ओठाला लावला. “बघा मंडळी! पाहुण्यांना बघताच आपले दादा नम्रपणे दोन पावलं मागं सरकतायत! ही दादांची विनम्रता! जोरदार टाळ्या!”

टाळ्या पडल्या. दादांचा चेहरा उजळला. पाहुण्यांनी सोफ्यावरून वाकून कटआउटला नमस्कार केला. बोट तीनदा मधोमध आणून सोडली आणि ती तीनदा नम्र झाली. दर वेळी टाळ्या वाढत गेल्या. जी तीन वर्षं पुढं जाण्यासाठी बांधली, ती मागं जाते म्हणून गाजली.

हंबीरराव पांढरे पडले होते. “बास,” ते मला म्हणाले. “आता माईकवर जाऊन सांगतो सगळ्यांस्नी. चार फुटाला एक इंच म्हंजे काय, आणि हे समदे कोण, आणि केवढे! माझी बोट घरला घेऊन जातो. हुईल ते हुईल.” आणि ते निघालेच. मी त्यांचा शर्ट धरला, तो सुटला.

ते माईकपर्यंत पोचायच्या आत लाईट गेली.

सगळा मंडप काळा झाला. शिट्ट्या सुरू झाल्या, जनरेटरवाल्याच्या नावानं हाका सुरू झाल्या, कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय दिला. पंखे घरघरत मंद झाले आणि थांबले. आणि त्या अंधारात हौदाच्या टोकाला एक छोटंसं घर उजळलेलं दिसलं. बोटीतले दिवे बॅटरीवर होते. एवढ्या लखलखाटात ते लागलेत हे कुणाला कळलंच नव्हतं. तीन मजल्यांच्या खिडक्या, साबुदाण्याएवढ्या, पिवळ्या. दादा दिसत नव्हते. पाहुणे दिसत नव्हते. कठड्याला टेकलेली ती काडीएवढी माणसं तेवढी उजेडात काळी काळी दिसत होती, आणि पहिल्यांदाच मला ती छत्रीवाली बाई दिसली.

बोट हलली. थप थप थप असा चाकाचा आवाज आला. ती सरळ पुढं निघाली, ना डावीकडं ना उजवीकडं, पाण्यावर दोन रेघा ओढत. पन्हाळ्यासमोरून गेली, आमच्यासमोरून गेली आणि पार सोफ्याच्या टोकाला जाऊन हलकेच टेकली. मंडपातली माणसं मोबाइलच्या उजेडात आपापल्या चपला शोधत होती. दादा पाहुण्यांना वहीनं वारा घालत होते. हंबीरराव माईकच्या खांबाला धरून उभे होते आणि तोंड उघडं टाकून बघत होते.

जनरेटर धडधडला. झगमगाट झाला. पंखे फिरले, दादांनी छाती पुढं काढली, आणि बोट मुकाट्यानं मागं मागं सरकू लागली. टाळ्या पडल्या.

हंबीररावांच्या हातात माईक होता. निवेदकानं तो कधी सोडला कुणास ठाऊक. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या. दादा सावध होऊन बसले. संग्रामभाऊ उभे राहिले. मी मनातल्या मनात मोरबाळ्यांच्या घरातली काचेची तावदानं मोजली.

हंबीररावांनी घसा खाकरला.

“दादा,” ते अगदी हळू म्हणाले, पण स्पीकरमधून ते सगळ्या पेठेत ऐकू गेलं, “लाईट आणखी दोन मिनिटं घालवता ईल का वो?”